गेरू, शेंदूर आणि एक जुना ट्रॅक्टर

आमच्यापैकी एकीचा भाऊ अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. त्यानं काही दिवसांपूर्वी काही फोटो पाठवले. एका शेजाऱ्याच्या कोठारात वीसेक वर्षं पडून असलेला एक छोटा ट्रॅक्टर त्यानं जवळजवळ फुकटात आणला होता. १९६० च्या दशकातला, एका सिलिंडरचा, घरामागच्या बागेत चालवायचा. टायर बसलेले, बॉनेटचा पत्रा फुगलेला, नट-बोल्ट गंजून एकजीव झालेले. ‘सुट्या दिवशी घरीच खोलून, घासून, रंगवून नवा करणार आहे. एका रविवारी एक मडगार्ड घासूनही झालं. पण रंगाचे तीन थर निघाले. खालच्या थरापर्यंत जायचं का? आणि असे तीन थर का असतात?’ असं त्यानं विचारलं होतं.

प्रश्न साधा होता. उत्तर शोधायला बसलो तेव्हा मात्र आम्ही शेतीच्या इतिहासातून रसायनशास्त्रात, तिथून वैद्यकात आणि शेवटी थेट शाळेच्या वर्गात जाऊन पोचलो. भूगर्भशास्त्रज्ञ जसा खडकाचे थर वाचतो, तसा त्या मडगार्डवरचा रंग वाचता येतो. तो प्रवास इथे मांडतो आहोत.

बागेत ट्रॅक्टर कशाला?

आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटलं की नांगर आणि उसाची ट्रॉली डोळ्यांपुढे येते. ‘बागेचा ट्रॅक्टर’ ही कल्पना आपल्याला जरा चैनीची वाटेल. पण तिची सुरुवात चैनीतून झाली नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बेंजामिन ग्रेव्हली नावाच्या छायाचित्रकारानं मोटरसायकलचे भाग वापरून मागून चालत हाकायचा एक यांत्रिक नांगर बनवला आणि १९१६ साली त्याचं पेटंट मिळवलं. आपल्या कोकणात भातखाचरात फिरणारा पॉवर टिलर पाहिला असेल, तर त्याच जातीचं हे यंत्र. ज्याला घोड्याची जोडी परवडत नाही आणि मोठा ट्रॅक्टर तर मुळीच नाही, अशा माणसासाठी ते होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदललं. युद्धावरून परतलेल्या लाखो तरुणांसाठी शहरांबाहेर नवी घरं उभी राहिली. घरापुढे आणि मागे हिरवळ, जमलं तर भाजीचा वाफा, हिवाळ्यात फाटकापर्यंत साचणारा बर्फ. हातानं ढकलायच्या यंत्राला हे काम जास्त आणि शेतावरच्या ट्रॅक्टरला फारच कमी. या मधल्या जागेत छोटे ट्रॅक्टर आले. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं १९४७ मध्ये लहान शेतकऱ्यांसाठी ‘फार्मॉल कब’ काढला होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिनंच त्याहून लहान ‘कब कॅडेट’ आणला. त्याच्या एका सिलिंडरच्या इंजिनाची ताकद होती ७ अश्वशक्ती. १९६३ मध्ये जॉन डिअर कंपनीचा ‘११०’ आला. पोटाखाली गवत कापायची पाती, पुढे बर्फ ढकलायचं फावडं, मागे छोटा नांगर. बीडाचं भक्कम इंजिन आणि जाड पत्रा असल्यामुळे ही यंत्रं साठ वर्षांनंतरही मरत नाहीत, फक्त गंजतात. म्हणूनच ती घरी खोलून पुन्हा उभी करण्याचा छंद तिकडे रुजला आहे.

यात आपलाही एक धागा आहे. ज्या १९६३ साली ‘११०’ बाजारात आला, त्याच वर्षी इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबरच्या भागीदारीतून मुंबईत ट्रॅक्टर बनवणारी कंपनी स्थापन झाली. महिंद्रांच्या कांदिवलीच्या ट्रॅक्टरची सुरुवात ती.

पहिला थर : ओळखीचा रंग

सर्वात वरचा थर म्हणजे डोळ्यांना दिसणारा रंग. ट्रॅक्टरला रंग लागतो तो गंजापासून बचावासाठी, हे खरं. पण मग सगळे ट्रॅक्टर एकाच रंगाचे का नाहीत?

१९२० च्या दशकात अमेरिकेतले बरेच ट्रॅक्टर करडे किंवा मळकट हिरवे असत. ॲलिस-चाल्मर्स कंपनीच्या ट्रॅक्टर विभागाचा प्रमुख हॅरी मेरिट याला कॅलिफोर्नियात माळभर फुललेली नारिंगी पॉपीची फुलं दूरवरून उठून दिसली आणि त्यावरून त्यानं आपल्या ट्रॅक्टरला नारिंगी रंग दिला, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीतला फुलांचा भाग खरा असो वा नसो, १९३० च्या सुमारास त्या कंपनीचे ट्रॅक्टर नारिंगी झाले हे नक्की. १९३६ मध्ये फार्मॉलनं करडा रंग सोडून लाल घेतला. जॉन डिअरचा हिरवा-पिवळा तर आधीपासून होताच. इंग्लंडमध्ये १९४६ पासून बनणारा फर्ग्युसन मात्र करडाच राहिला आणि त्याच रंगानं ओळखला गेला. शेताच्या बांधावरून, अर्ध्या मैलावरून ‘कोणाचा ट्रॅक्टर’ हे कळू लागलं. रंग म्हणजे कंपनीचं नाव झालं.

ही ओळख किती घट्ट बसली याचा एक गमतीचा पुरावा आहे. १९६९ मध्ये जॉन डिअरनं आपले बागेचे ट्रॅक्टर पांढऱ्या रंगात काढले आणि बॉनेट व सीट लाल, नारिंगी, निळ्या किंवा पिवळ्या रंगात निवडायची मुभा दिली. दोन-तीन वर्षांतच हा प्रयोग गुंडाळावा लागला. लोकांना हिरवाच हवा होता!

एवढे चमकदार रंग कारखान्यात झटपट देता येऊ लागले, तेही रसायनशास्त्रामुळेच. जवसाच्या तेलातला जुना रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होतो. सुरुवातीच्या मोटारींवर तो थरावर थर देऊन वाळवायला आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजपासून बनवलेला, काही तासांत वाळणारा रंग मोटारींवर आला. त्यानंतर १९२७ मध्ये तेल आणि कृत्रिम राळ यांची सांगड घालणारे ‘अल्किड’ तयार झाले. आपण दाराखिडक्यांना देतो तो ऑइल पेंट बहुधा याच कुळातला.

दुसरा थर : अस्तर

वरचा रंग खरवडला की तांबूस अस्तर दिसतं. आपले रंगारी ग्रिलला आधी ‘रेड ऑक्साइड’ मारतात, तेच हे. रेड ऑक्साइड म्हणजे आयर्न ऑक्साइड, म्हणजे आपला गेरू. दिवाळीत अंगण सारवून त्यावर गेरूचा पट्टा ओढतात, तो.

आता इथे वर्गात विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. गंज हेही लोखंडाचं ऑक्साइडच. मग गंजापासून वाचवण्यासाठी लोखंडाला गंजाचंच भावंड का फासायचं? फरक असा, की गंजात पाणी बांधलेलं असतं, तो सच्छिद्र असतो आणि पापुद्र्यांनी सुटतो, त्यामुळे खालचं लोखंड उघडंच राहतं. गेरू मात्र आधीच स्थिर झालेलं ऑक्साइड आहे. तेलात घोटल्यावर त्याचे कण एकमेकांवर बसून पाणी आणि हवेची वाट अडवतात.

पण अस्तराचा दुसराही एक प्रकार होता, आणि लोखंडी पूल, जहाजं, यंत्रं यांसाठी पूर्वी तोच उत्तम मानला जाई. त्याचं इंग्रजी नाव ‘रेड लेड’, आणि आपलं नाव शेंदूर. मारुतीच्या मूर्तीवर चढणारा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. शिसं हवेत तापवून ते बनवतात. रेड ऑक्साइड आणि रेड लेड ही नावं इतकी सारखी आहेत की दुकानातही गल्लत होते, पण एकात लोखंड आहे आणि दुसऱ्यात शिसं.

शेंदूर इतका गुणकारी का, याचं उत्तर विसाव्या शतकात केंब्रिजमध्ये गंजावर झालेल्या अभ्यासातून मिळालं. शेंदूर नुसता वाट अडवत नाही. जवसाच्या तेलाशी त्याची अभिक्रिया होऊन शिशाचे साबणासारखे क्षार तयार होतात, आणि ते लोखंडाच्या पृष्ठभागावर गंजण्याची क्रियाच मंदावतात. म्हणजे हे अस्तर भिंतीसारखं उभं राहतं आणि पहारेकऱ्यासारखं कामही करतं.

तिसरा थर : गंज

अस्तराखाली गंज. तो कसा लागतो हे पाहायला एक सोपा प्रयोग आहे. केंब्रिजचेच उलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात तो प्रसिद्ध केला. लोखंडी पट्टी घासून लख्ख करा, तिच्यावर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवा आणि काही तास वाट पाहा. पट्टी हलवू नका. मुलांना आधी अंदाज करू द्या : गंज कुठे दिसेल? बहुतेक जण म्हणतात, थेंबाच्या कडेला, कारण तिथे हवा जास्त. प्रत्यक्षात लोखंड झिजतं ते थेंबाच्या मध्यभागी, जिथे ऑक्सिजन कमी पोचतो. कडेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो, मध्यभागी लोखंड ते देतं, आणि दोघांच्या मध्ये गंजाचं कडं तयार होतं. एका थेंबात एक छोटी बॅटरीच चाललेली असते.

ओहायोच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे. रंगाला कुठेतरी चीर पडते, पाणी आत शिरतं. चिरेजवळ हवा भरपूर आणि रंगाखाली कमी. म्हणून गंज उघड्या जागी न थांबता रंगाखाली पसरत जातो आणि पत्रा फुगतो. त्यावर नवा रंग मारणं म्हणजे आत पू असताना वरून पट्टी बांधणं. तेव्हा गंजलेल्या जागी लोखंडापर्यंत जायला हवंच.

जायचं खरं, पण कसं? उत्तराची उरलेली अर्धी बाजू तिथे आहे, आणि ती जास्त महत्त्वाची आहे.

रंगातलं शिसं

शिसं फक्त अस्तरात नव्हतं. पांढऱ्या रंगात शिशाचा सफेदा असे. पिवळ्या आणि नारिंगी रंगात असे लेड क्रोमेट, म्हणजे शिसं आणि क्रोमियमचं संयुग. १७९७ मध्ये फ्रान्सच्या वॉक्लँ यांनी सैबेरियातल्या एका लाल खनिजातून क्रोमियम शोधलं, त्या खनिजात हेच संयुग होतं. या मूलद्रव्याची संयुगं इतकी रंगीत, की नावच ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून दिलं गेलं. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमधले फ्रँक सायर यांनी शाळेच्या बससाठी देशभर एक रंग ठरवायला बैठक बोलावली. तिथे निवडलेल्या पिवळ्याचं नाव होतं ‘नॅशनल स्कूल बस क्रोम’. यातलं ‘क्रोम’ म्हणजे हेच लेड क्रोमेट. मुलांच्या सुरक्षिततेसाठी निवडलेल्या रंगात शिसं होतं. त्या काळी यात कोणाला विसंगती वाटली नाही.

पण धोका माहीत नव्हता असं मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच लिहिलं होतं, की त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांच्या विषबाधेचं मूळ व्हरांड्याच्या कठड्यांच्या आणि भिंतींच्या रंगात आहे. उन्हानं रंगाची भुकटी होते, मुलांच्या बोटांना लागते आणि बोटं तोंडात जातात. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरांच्या आतल्या रंगकामात शिशाचा सफेदा वापरू नये असा करार केला. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती मात्र १९७८ साली. गिब्सन यांच्या लेखानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी!

एवढा उशीर का झाला? शिशाच्या रंगाचा धंदा मोठा होता, हे एक कारण. दुसरं असं, की झटके येऊन बेशुद्ध पडणारं मूल डॉक्टरांना दिसतं. पण ज्याच्या शरीरात थोडंसंच शिसं आहे ते मूल आजारी दिसत नाही. ते कोणाला दिसतं? त्याच्या शिक्षकाला.

हे दाखवून दिलं अमेरिकेतले डॉक्टर हर्बर्ट नीडलमन यांनी. शिसं शरीरात कॅल्शियमच्या वाटेनं जातं आणि हाडांत व दातांत साठतं. रक्तातलं शिसं हल्लीचं सांगतं, दात मात्र मागच्या काही वर्षांचा जमाखर्च सांगतो. नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतलं शिसं मोजलं. शिवाय दोन हजारांहून अधिक मुलांबद्दल त्यांच्या शिक्षकांकडून एक साधी प्रश्नावली भरून घेतली : हे मूल चटकन विचलित होतं का? हाती घेतलेलं काम टिकून करतं का? सोप्या सूचना पाळू शकतं का? कोणाच्या दातात किती शिसं आहे हे शिक्षकांना ठाऊक नव्हतं. १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दातांतलं शिसं जसजसं जास्त, तसतशी शिक्षकांनी नोंदवलेली अडचण जास्त. बुद्धिमापनातही जास्त शिसं असलेली मुलं मागे पडली. यातली कोणतीही मुलं ‘आजारी’ म्हणून दवाखान्यात गेलेली नव्हती.

आम्ही हे वाचलं तेव्हा थोडे थबकलो. ‘लक्षच देत नाही’, ‘एका जागी बसत नाही’, ‘डोकंच चालत नाही’, असं आपण किती मुलांबद्दल किती सहज म्हणतो! प्रत्येक वेळी कारण शिसं असतं असं नाही. पण कारण मुलाच्या स्वभावात नसून भिंतीवरच्या रंगात असू शकतं, ही शक्यता आपल्या मनाला शिवतही नाही.

कायद्यातली फट

एव्हाना आम्ही ओहायोला घाईनं कळवलं होतं, ‘घासणं थांबव.’ त्याचं उत्तर आलं, ‘वरचा पिवळा थर आधीच्या मालकानं १९८५ च्या सुमारास ब्रशनं मारलेला आहे. म्हणजे बंदीनंतरचा. मग काय भीती?’

आम्हालाही क्षणभर पटलं. पण १९७८ च्या त्या नियमात सवलतींची एक यादी आहे. शेतीच्या यंत्रांना पुन्हा द्यायचे रंग, तसंच बागेच्या यंत्रांवर डागडुजीसाठी लावायचे रंग बंदीतून वगळलेले होते. घरात लावायच्या रंगावर बंदी होती, पण त्याच घराच्या गॅरेजमधल्या ट्रॅक्टरच्या रंगावर नव्हती. त्यामुळे सालावरून निर्धास्त होता येत नाही, तपासूनच पाहावं लागतं.

त्यानं तपासलं. शिशाशी संयोग पावून गुलाबी-लाल होणारं एक रसायन असतं, ते लावलेला बोळा पिवळ्या थरावर घासताच लाल झाला. रंगाचा एक टवका प्रयोगशाळेत पाठवला, तिथेही शिसं निघालं. आणि पहिल्या रविवारी त्यानं जे मडगार्ड कोरड्या पॉलिश पेपरनं घासलं होतं, तेव्हा त्याची तीन वर्षांची मुलगी त्याच गॅरेजात फरशीवर बसून खेळत होती.

मुलीचं रक्त तपासलं. अमेरिकेत २०२१ पासून दर डेसिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम शिसं ही सावध होण्याची पातळी मानतात. तिचा आकडा त्याखाली आला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण हा आकडा म्हणजे ‘एवढं चालतं’ अशी परवानगी नव्हे. पूर्ण निर्धोक म्हणता येईल अशी शिशाची पातळी आजवर सापडलेली नाही.

पुढचं काम त्यानं वेगळ्या रीतीनं केलं. पत्र्याचे भाग सुटे करून मोकळ्या अंगणात, खाली प्लास्टिक अंथरून नेले. रंग कोरडा न घासता ओला करून, रंग मऊ करणारं द्रावण लावून खरवडला. ज्योतीनं जाळून काढला नाही, कारण त्यात शिशाची वाफ होऊ शकते. बारीक धूळ अडवणारा मुखवटा घातला, कामाचे कपडे वेगळे धुतले, खरवड बंद डब्यात भरून धोकादायक कचरा घेणाऱ्या केंद्रावर दिली. सगळं आवरेपर्यंत मुलीला त्या बाजूला येऊ दिलं नाही.

उरलेला गंज विजेनं काढला. हा भाग शाळेतही एखाद्या गंजलेल्या, पण बिनरंगाच्या खिळ्यावर करून पाहता येईल. पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवा. गंजलेली वस्तू बॅटरीच्या ऋण टोकाला आणि एक टाकाऊ लोखंडी तुकडा धन टोकाला जोडून दोन्ही पाण्यात बुडवा, पण एकमेकांना लागू देऊ नका. ऋण टोकाशी हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंज सैल होऊन काळपट गाळ सुटतो आणि मूळ लोखंड शाबूत राहतं. प्रयोग उघड्या हवेत करा, जवळ ज्योत नको. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. मग वस्तू धुऊन, पूर्ण वाळवून लगेच अस्तर. हे अस्तर अर्थातच शिसं नसलेलं.

लोखंडाची भीती आणि रंगाचा भरवसा

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होईल या भीतीनं शेतकरी तो घेत नव्हते, असं सांगितलं जातं. ती भीती निराधार होती. त्याच काळात ब्रिस्बेनचा डॉक्टर रंगातल्या खऱ्याखुऱ्या विषाबद्दल लिहीत होता आणि ते पुढे कित्येक दशकं बहुतेकांनी मनावर घेतलं नाही. कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये, हे डोळ्यांना दिसण्यावरून ठरत नाही. मोजावं लागतं.

आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. मात्र यंत्रांना आणि कारखान्यांत लागणारे रंग त्याच्या कक्षेत येत नाहीत. आणि त्याआधी लावलेला रंग तर जिथल्या तिथेच आहे. २०२१ मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरचं रंगकामही जुन्या थरांतल्या शिशामुळे थांबवावं लागलं होतं.

आपल्या शाळेतही असे थर आहेत. मैदानातली घसरगुंडी, झोपाळ्याच्या साखळ्यांचा खांब, खिडकीचे गज, जुनी बाकं. सुट्टी संपत आली की रंगकाम निघतं, आणि कधी कधी श्रमदान म्हणून मुलांच्याच हाती पॉलिश पेपर दिला जातो. पुढच्या वेळी तो देण्याआधी एवढंच करावं : रंगाचा पोपडा सुटलाय का ते पाहावं. जुना थर कोरडा घासू नये, ओला करून मोठ्यांनीच काढावा, त्या वेळी मुलं शाळेत नसावीत. खालची माती आणि धूळ ओल्या फडक्यानं उचलावी, झाडूनं उडवू नये. नवा रंग घेताना डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचावं. आणि मुलांना जेवणाआधी हात धुवायला सांगताना, जंतूंबरोबर धुळीचंही नाव घ्यावं.

ओहायोचा ट्रॅक्टर आता उभा राहिला आहे. मूळच्या लाल रंगात. ताज्या फोटोत त्याच्या सीटवर तीन वर्षांची मुलगी बसलेली आहे आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून हसते आहे. रंग वाळून महिना झाल्यावरच तिला वर बसवलं, असं फोटोखाली लिहिलं आहे.